पाय मुरगळून महिने झाले तरी दुखतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीवरून घसरलात, जिन्यात पाय मुरगळला, शेतात खड्ड्यात पाय गेला, काहीही झालं असेल. एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले फ्रॅक्चर नाही, क्रेप बँडेज बांधा, गोळ्या घ्या, आराम करा. ते सगळं केलं आणि आता दोन महिने, चार महिने झाले तरी पाय दुखतोच आहे, घरचे म्हणतात मनावर घेऊ नको आणि तुम्हाला कळत नाहीये की परत दाखवायचं का, कुणाला दाखवायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे लोक रोज येतात आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून टाकलेत. हे वाचून घरबसल्या निदान करू नका, डॉक्टरसमोर बसल्यावर काय बोलायचं आणि काय विचारायचं ते कळावं एवढ्याचसाठी हे आहे.

साधा मुरगळलेला पाय किती दिवस दुखला तर चालतं?

किरकोळ असेल तर दोन-तीन आठवड्यांत माणूस नीट चालायला लागतो. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, बऱ्यापैकी फाटलं असेल तर सहा आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. सूज मात्र चिवट असते, दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी घोट्याभोवती थोडी सूज येणं महिनोन् महिने चालू शकतं, तेवढ्यावरून घाबरू नका. मी पेशंटला एवढंच विचारते की मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात जिना उतरणं सोपं झालंय का. हो असेल तर धीर धरा. सहा आठवडे झाले आणि पाय होता तिथेच आहे, किंवा बरा होत होता आणि परत बिघडला, तर परत दाखवा, लाजू नका.

एक्सरे नॉर्मल आहे, मग दुखतंय कशामुळे?

एक्सरेत हाड दिसतं. लिगामेंट दिसत नाही, कुर्चा (सांध्यात हाडाच्या टोकावर असणारं गुळगुळीत आवरण) दिसत नाही, स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दिसत नाही, नस दिसत नाही, आणि पायात दुखावण्यासारख्या गोष्टी बहुतेक याच असतात. त्यातून हाड सुद्धा नेहमी दिसतंच असं नाही. पावलात २६ हाडं आहेत, एकावर एक चढलेली, एका अँगलने काढलेल्या फोटोत बारीक चीर सहज लपते. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर, तर पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत दिसतच नाही बऱ्याचदा, हाड भरायला लागलं की मग तिथे पांढरट रेघ उमटते.

म्हणजे 'फ्रॅक्चर नाही' हे वाक्य खरं असतं पण ते अर्धंच असतं. काय नाही ते कळलं, काय आहे ते कुणी सांगितलंच नाही. माझ्याकडे लोक फाइल घेऊन येतात, त्यात सात-आठ केसपेपर, प्रत्येकावर तीच पेनकिलर, तीच अॅसिडिटीची गोळी, तीच कॅल्शियमची गोळी आणि निदानाच्या जागी 'घोट्याची दुखापत' एवढंच. अहो घोट्याची दुखापत झालीय हे पेशंटला माहितीच आहे की, म्हणून तर तो आलाय! नक्की कुठला भाग दुखावलाय त्याचं नाव कळेपर्यंत पुढच्या उपचाराला काही अर्थ नसतो, आणि ते नाव मागणं हा तुमचा हक्क आहे.

पहिल्या तपासणीत साधारण काय काय सुटून जातं?

यादी मोठी आहे, मला जे जास्त दिसतं ते सांगते.

सगळ्यात आधी लिसफ्रँक. पावलाच्या मधोमध, बुटाची लेस बांधतो त्या उंचवट्यापाशी, लांब हाडं मागच्या लहान हाडांना जोडलेली असतात तो सांधा. नेपोलियनच्या काळातल्या एका फ्रेंच सर्जनचं हे नाव, तो बिचारा या सांध्यातून पाऊल कापायचं ऑपरेशन करायचा म्हणून नाव चिकटलं. टाच वर आणि बोटं जमिनीवर दुमडलेली असताना वरून वजन आलं की हा सांधा उसवतो, जसं की पायरी चुकली, खड्ड्यात चवडा अडकला, बाइक पडली आणि पाऊल खाली सापडलं. यात दोन हाडांमधली फट एक-दोन मिलिमीटरने वाढते, पलंगावर झोपवून काढलेल्या एक्सरेत ती दिसत नाही आणि पाचातली एक केस पहिल्यांदा सुटते असं पुस्तकांतच लिहिलंय. ओळखायची एक खूण सांगते, मार लागल्यावर दोन-तीन दिवसांत तळपायाच्या मधोमध, कमानीपाशी, काळंनिळं पडलं होतं का आठवा. घोट्याच्या बाजूला काळंनिळं सगळ्यांनाच पडतं, तळव्याला पडणं वेगळं. तसं असेल तर दोन्ही पायांवर उभं राहून एक्सरे काढून मागा, म्हणजे चांगल्या पायाशी तुलना करता येते. हे वेळेत कळलं नाही तर कमान बसते आणि पुढे सांधा झिजतो, म्हणून मी याच्यावर इतकं बोलतेय.

दुसरं, करंगळीमागचं हाड. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर एक टोक हाताला लागतं, पाय आत वळून मुरगळला की तिथला तुकडा ओढला जातो. अगदी टोकाचा तुकडा असेल तर तो बहुतेक आपोआप जुळतो. पण त्याच्या जरासं पुढे चीर गेली तर तिथे रक्तपुरवठा कमी, हाड जुळायला फार वेळ लावतं, कधी जुळतच नाही आणि स्क्रू टाकावा लागतो. याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. रॉबर्ट जोन्स नावाचे ब्रिटिश सर्जन होते, त्यांचं स्वतःचंच हे हाड नाचताना मोडलं आणि त्यांनी १९०२ साली त्यावर पेपर लिहून टाकला.

मग घोट्याच्या आतली कुर्चा. मुरगळताना घोट्याचं हाड वरच्या हाडावर आपटतं आणि कुर्चेचा टवका निघतो. दुखणं खोलवर असतं, बोटाने दाबून जागा दाखवता येत नाही, मध्येच कट्ट आवाज येतो नाहीतर पाय अडकल्यासारखा होतो. बाहेरच्या घोट्याच्या मागून दोन स्नायूबंध जातात, ते फाटले किंवा खोबणीतून सटकायला लागले तर पाऊल फिरवताना टण् करून काहीतरी उडी मारल्यासारखं वाटतं. आणि घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांना बांधणारं लिगामेंट दुखावलं असेल तर ते साध्या मुरगळीपेक्षा खूपच उशिरा बरं होतं, पेशंटला उगाच वाटतं की आपलं शरीरच कमजोर.

टाचेमागची मोठी शीर, म्हणजे अॅकिलीस हा पोटरीचा स्नायूबंध, तुटून सुद्धा सुटते यावर लोकांचा विश्वास बसत नाही. बॅडमिंटन खेळताना मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, मागे वळून बघितलं तर कुणीच नाही, ही टिपिकल गोष्ट. बाकीच्या स्नायूंच्या जोरावर पाऊल खाली दाबता येतं म्हणून सगळे म्हणतात शीर शाबूत आहे. पालथं झोपवून पोटरी दाबायची, पाऊल हललं पाहिजे. नाही हललं तर शीर तुटलीय, इतकी सोपी टेस्ट आहे.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक वेगळं सांगते. पोलीस भरती, आर्मी भरतीसाठी डांबरी रस्त्यावर रोज पळणारी मुलं पावलाच्या वरच्या बाजूला दुखतंय म्हणून येतात, मार काहीच लागलेला नसतो, आणि ग्राउंड पुढच्या महिन्यात आहे म्हणून गोळी खाऊन पळत राहतात. ते स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. बाळा, भरती परत निघेल, पावलाच्या मधलं हाड पूर्ण मोडलं तर पळणंच अवघड होऊन बसेल.

उंचावरून टाचांवर पडलो होतो, टाच जुळली म्हणतात पण खडबडीत जागेवर चालवत नाही, असं का?

झाडावरून, स्लॅबवरून, परांचीवरून पडलेले लोक. कोकणातून आंबा-नारळ काढणारे येतात, शहरात पेंटर आणि सेंटरिंगवाले. टाचेचं हाड जुळतं पण त्याच्या वरचा जो सांधा पाऊल आत-बाहेर कलतं करतो तो बिघडलेला असतो, म्हणून सपाट फरशीवर ठीक आणि बांधावरून चालताना जीव जातो. यासाठी सीटी स्कॅन बघून ठरवावं लागतं. आणि हो, उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाच्या कंबरेच्या मणक्याला पण मार बसलेला असू शकतो, दहातल्या एकाला तरी असतो, तेव्हा पाठ दुखत असेल तर तेही सांगा, टाचेच्या गडबडीत ते राहून जातं.

कुठली लक्षणं असली तर वाट न बघता आजच जायचं?

- पोटरी एका बाजूची सुजली, टणक झाली, दुखतेय, विशेषतः प्लास्टर किंवा लांब आरामानंतर. रक्ताची गुठळी असू शकते. त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.
- प्लास्टर आतून आवळतंय, बोटं बधिर, पांढरी किंवा निळसर झाली, बोट नुसतं हलवलं तरी जीवघेणी कळ येते. सकाळपर्यंत थांबू नका, रात्री दोन वाजता पण जा.
- ताप, पाय लाल आणि गरम, जखमेतून किंवा ऑपरेशनच्या टाक्यातून पाणी किंवा पू.
- रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आरामातही कमी न होणारं.
- चार पावलंही टाकता येत नाहीत.

चार पावलांची गोष्ट मी मनाने नाही सांगत. कॅनडात ओटावा शहरात १९९२ साली डॉक्टरांनी नियम बनवले की मुरगळलेल्या घोट्याचा एक्सरे कधी काढायचा, त्यात हे आहे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखतं का, करंगळीमागच्या त्या टोकावर दुखतं का, आतल्या कमानीच्या वरच्या हाडावर दुखतं का, आणि मार लागल्या लागल्या व दवाखान्यात दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली का. जगभर हेच वापरतात. फक्त दारू प्यायलेल्या माणसाला आणि पायाची संवेदना कमी झालेल्याला हे नियम लावायचे नसतात.

मला शुगर आहे, पाय सुजलाय पण फारसं दुखत नाही, मग बरंच आहे ना?

नाही! उलट मला याचीच जास्त भीती वाटते. बऱ्याच वर्षांच्या डायबेटिसमध्ये पायाच्या नसा बधिर होतात, त्यात लहानसा मार लागला की हाडं आतल्या आत ठिसूळ होऊन मोडत जातात आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो कारण दुखतच नाही. याला शार्को फूट म्हणतात. पाय लाल, सुजलेला, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम लागतो, सुरुवातीचा एक्सरे नॉर्मल येऊ शकतो, आणि लोक त्याला इन्फेक्शन किंवा युरिक अॅसिड समजून गोळ्या देत बसतात. उपचार म्हणजे त्या पायावरचं वजन पूर्ण काढायचं, खास प्लास्टर घालायचं, तेही महिनोन् महिने. दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू लावून बघा, एक स्पष्ट गरम लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तोवर त्या पायावर चालू नका.

मार कधीचा बरा झाला पण पायाची आग होते, चादर सुद्धा सहन होत नाही. घरचे म्हणतात नाटक करतेस.

नाटक नाही. याला सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) असं नाव आहे, आणि ते एखाद्या किरकोळ मुरगळीनंतर किंवा प्लास्टरनंतरही होऊ शकतं. मेंदू आणि नसांची धोक्याची घंटा मार बरा झाला तरी वाजत राहते. दुखणं मूळ जखमेच्या मानाने फारच जास्त, पायाचा रंग बदलतो, कधी लालभडक कधी निळसर, कधी गरम कधी थंडगार, घाम वेगळा येतो, केस आणि नखं वेगळी वाढतात, त्वचा चकचकीत होते. यासाठी कुठलीही एक ब्लड टेस्ट नाही, डॉक्टर लक्षणं आणि तपासणीवरून ठरवतात, म्हणून रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि पेशंट रडतोय असं चित्र दिसतं.

माझ्याकडे एक ताई यायच्या, मोजा घालता येत नाही म्हणून थंडीत सुद्धा एक पाय उघडा, आणि रिक्षात बसताना तो पाय कुणाला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या. त्यांना पहिल्या दिवशी मी कापसाचा बोळा दिला, फक्त दिवसातून चार-पाच वेळा पायावरून फिरवा म्हटलं. मग मऊ फडकं, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात पाय. आरशातली थेरपी पण असते, चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत हलवायचं, मेंदूला वाटतं दुखरा पायच न दुखता हलतोय. गोळ्या वेगळ्या लागतात, नसांवरच्या, साध्या पेनकिलरचा फार उपयोग होत नाही. जितक्या लवकर हालचाल सुरू तितकं चांगलं, पाय जपून जपून ठेवला की हे वाढतं. शंका असेल तर पेन क्लिनिक असलेल्या हॉस्पिटलात दाखवा, मोठ्या शहरांत भूलतज्ज्ञच बहुतेक हे ओपीडी चालवतात.

हाडवैद्याकडे गेलो तर? गावातले सगळे जातात.

माहितीये. आंबेहळद, रक्तचंदनाचा लेप लावलात तर माझं काही म्हणणं नाही, त्वचेला पुरळ आलं नाही म्हणजे झालं. पण जोरात ओढून 'बसवणं', फोड येईस्तोवर चोळणं आणि बांबूच्या कामट्या घट्ट बांधणं याला मी स्पष्ट नाही म्हणेन. आत चीर असेल तर ती ओढून सरकते, आणि घट्ट बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा बंद होऊन पाय गमावल्याच्या केसेस ऑर्थोपेडिक डॉक्टर नवीन नाहीत म्हणतात. शुगरवाल्यांनी तर गरम शेक पण देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

एमआरआय काढून टाकू का सरळ?

लोकांना वाटतं एमआरआय म्हणजे शेवटचा शब्द. आधी कुणीतरी पायाला नीट हात लावून तपासलं पाहिजे, शंका कशाची आहे ते ठरलं पाहिजे, मग तपासणी. हाडाची बारीक चीर, जुळलंय की नाही, टाच, लिसफ्रँक यांच्यासाठी सीटी चांगला. कुर्चा, लिगामेंट, स्ट्रेस फ्रॅक्चर, हाडाला आतून लागलेला मार यासाठी एमआरआय. अॅकिलीस आणि घोट्यामागचे स्नायूबंध सोनोग्राफीत सुद्धा छान दिसतात, स्वस्तात, आणि पाय हलवत बघता येतं, फक्त करणारा माणूस सांध्यांची सोनोग्राफी करणारा हवा. शंका न ठरवता काढलेल्या एमआरआयमध्ये काही ना काही निघतंच, चाळिशीनंतर तर नक्की, आणि मग त्या ओळींचीच भीती बसते. आत प्लेट-स्क्रू असतील तर टेक्निशियनला आधीच सांगा, बहुतेक वेळा चालतं पण तिथलं चित्र बिघडतं.

दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो तर पहिल्या डॉक्टरांना राग येईल का? आणि कागद मागितले तर देतील?

सेकंड ओपिनियन घेणं हा पेशंटचा हक्क आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. चांगले डॉक्टर तर स्वतःच म्हणतात की एकदा फूट अँड अँकलवाल्यांना दाखवून या. राग आलाच तर येऊ दे, पाय तुमचा आहे.

कागदांचं म्हणाल तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. साधा अर्ज लिहा, तारीख टाका, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि त्यावर पोच घ्या. हॉस्पिटलांना रेकॉर्ड तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे जुनं दुखणं असेल तर उशीर करू नका. एक्सरेची फिल्म नसेल तर सीडी किंवा लिंक मागा. नुसता रिपोर्टचा कागद पुढच्या डॉक्टरला फारसा कामाचा नसतो, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी फोटो बघायचा असतो. आणि कृपया एक्सरेचा मोबाइलवर काढलेला, ट्यूबलाइट परावर्तित झालेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून 'काय वाटतं' असं विचारू नका, मला त्यात फक्त तुमच्या हॉलचा पंखा दिसतो.

अपघाताचा क्लेम किंवा कामावर झालेली दुखापत असेल तर पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा, औषधांची बिलं सुद्धा.

नक्की कुणाकडे जायचं?

सुरुवात हाडांच्या डॉक्टरकडेच. पण ऑर्थोमध्ये सुद्धा गुडघ्याचे, मणक्याचे, खांद्याचे असे वेगवेगळे झालेत, त्यामुळे तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं दुखणं असेल तर पायाचं आणि घोट्याचंच काम करणारे शोधा, मुंबई-पुण्यात आहेत, बाकी ठिकाणी मेडिकल कॉलेजच्या ऑर्थो विभागात जा. केईएम, सायन, जेजे, ससून, नागपूरचं जीएमसी, गोव्यात बांबोळी, गर्दी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, पण तिथे एका छताखाली सगळे विभाग मिळतात. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, केंद्र सरकारची. चालण्याचा प्रश्न, बूट, स्प्लिंट, व्यायाम यासाठी लोकांना ती माहितीच नसते.

डॉक्टरांना दोन मिनिटांत काय सांगू? ओपीडीत वेळच नसतो.

घरून लिहून न्या, चिठ्ठीवर, पाच ओळी पुरे. मार कधी आणि कसा लागला, पाय कुठल्या बाजूला वळला. आता एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, नाहीतर 'खोल आत' असं. कशाने वाढतं, सकाळच्या पहिल्या पावलाला, उतारावर, की दिवसभर उभं राहिल्यावर. आतापर्यंत काय काय केलं आणि त्याने किती फरक पडला. आणि काय करता येत नाहीये, 'दुखतंय' म्हणू नका, 'दोन मजले उतरायला कठडा धरावा लागतो' म्हणा. रोजची चप्पल घालून जा, नवीन नको, जुन्या चपलेचा तळ कुठे झिजलाय ते बघून आम्हाला बरंच कळतं.

उठायच्या आधी तीन गोष्टी विचारा. नक्की कुठला भाग दुखावलाय? बाकी कुठली शक्यता तुम्ही धरलीय आणि ती कशी तपासणार? आणि यातून किती आठवड्यांत काय फरक दिसला पाहिजे, नाही दिसला तर पुढे काय? उत्तर कागदावर लिहून मागितलं तरी चालतं.

फिजिओ केली, काही फरक नाही.

मला लागतंय हे, पण खरं बोलते. पुष्कळदा फिजिओ म्हणजे दहा दिवस मशीनचा शेक आणि पाय गोल गोल फिरवणं एवढंच झालेलं असतं. त्याला मी फिजिओ म्हणत नाही. मुरगळलेल्या घोट्याला ताकद, हालचाल आणि तोल तिन्ही परत मिळवावं लागतं.

घरी बघा, भिंतीकडे तोंड करून उभे राहा, पाऊल भिंतीपासून थोडं मागे, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. हळूहळू पाऊल मागे घेत जा. अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा, दोन्ही पायांचं. चांगल्या पायाला दहा सेंटिमीटर आणि दुखऱ्याला पाच येत असेल तर तुमचा घोटा अडकलेला आहे आणि तो सोडवल्याशिवाय उकिडवं बसणं, जिना, उतार काहीच सुधारणार नाही. मग एका पायावर उभं राहा, ओट्याजवळ, धरायला काहीतरी असेल असं. चांगल्या पायावर अर्धा मिनिट आणि दुखऱ्यावर पाच सेकंदांत डगमगताय का बघा. आणि एका पायावर टाच उचलणं, किती वेळा जमतं तेही दोन्हीकडे मोजा. हे तीन आकडे लिहून ठेवा, दर दोन आठवड्यांनी परत मोजा. तुमच्या फिजिओने ते मोजलेच नसतील तर फिजिओ बदला. मोजून, नीट व्यायाम करून सहा ते आठ आठवड्यांत आकडे हललेच नाहीत तर मीच पेशंटला सर्जनकडे परत पाठवते.

टाचेत इंजेक्शन घेऊ का?

कशासाठी आणि कुठे ते आधी विचारा. सांध्यात किंवा टाचेच्या तळाला स्टेरॉइडचं इंजेक्शन ठरावीक कारणासाठी देतात, काही आठवडे आराम मिळतो. अॅकिलीसच्या शिरेत मात्र नको, ती कमजोर होऊन तुटू शकते. निदानच झालेलं नसताना 'घेऊन बघू' म्हणून घेतलेलं इंजेक्शन मला पटत नाही.

पेनकिलर रोज घेतली तर चालेल?

मनाने नाही. महिनोन् महिने घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पोटाला, किडनीला आणि बीपीला त्रास देतात, वय जास्त असेल किंवा शुगर-बीपीची औषधं चालू असतील तर आणखी जपून. मेडिकलवाल्याकडून 'ती नेहमीची पत्ती द्या' हे बंद करा. नसांवरच्या गोळ्या, प्रेगाबॅलिन वगैरे, चालू असतील तर एकदम बंद करू नका आणि सुरुवातीला गाडी चालवताना झोप येते का बघा.

तंबाखू आणि हाडाचा काय संबंध?

सिगरेट, विडी, तंबाखूने हाड उशिरा जुळतं आणि ऑपरेशनची जखमही उशिरा भरते. मळून खाल्ली तरी निकोटिन तेच. पाय मोडलेला असताना निदान तेवढे महिने सोडा. व्हिटॅमिन डी पण एकदा तपासून घ्या, आपल्याकडे ऊन भरपूर आणि तरी कमतरता घरोघरी.

ऑपरेशन सांगितलंय, करू का?

लिसफ्रँक सरकलेला असेल, जोन्स जुळत नसेल, घोटा वारंवार मुरगळतोय आणि व्यायामाने फरक नाही, कुर्चेचा तुकडा अडकतोय, या गोष्टींसाठी ऑपरेशनने खरंच फायदा होतो. सीआरपीएसच्या ऐन भरात मात्र घाई नको. ऑपरेशननंतर किती आठवडे पाय टेकवायचा नाही हे आधी विचारून घ्या, कारण घरात कमोड आहे का, कितव्या मजल्यावर राहता, डबा कोण करणार, कामावरून सुट्टी किती, हे सगळं त्यावर ठरतं आणि लोकांना ते डिस्चार्जच्या दिवशी सुचतं.

आधीच टाकलेल्या प्लेट-स्क्रू दुखत नसतील तर काढायलाच पाहिजेत असं नाही. बुटाला घासतात, टोचतात, तर हाड पूर्ण जुळल्यावर काढता येतात.

एवढा खर्च कुठून आणायचा?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आयुष्मान भारतबरोबर ती जोडलेली आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे आधी बोला, अॅडमिट होऊन पैसे भरल्यावर नाही. १५५३८८ वर फोन करून पण विचारता येतं. हे अॅडमिट होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, नुसता ओपीडीतला एमआरआय यात बसत नाही, तो सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात कमी पैशांत होतो, फक्त तारीख लांबची मिळते. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर ते हॉस्पिटल वापरा, ते तुमच्याच पैशांचं आहे.

घोट्याचा पट्टा किती दिवस लावू? चप्पल कुठली?

लेसचा किंवा दोन्ही बाजूंनी आधार देणारा पट्टा खेळताना, ट्रेकला, लांब चालताना लावा. दिवसभर घरात लावून बसू नका. पातळ रबराच्या मोज्यासारखं जे मिळतं त्याने ऊब मिळते, आधार नाही. चपलेचं म्हणाल तर मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट, टाच घट्ट धरणारी. सपाट स्लिपर आणि कोल्हापुरी थोडे महिने बाजूला ठेवा, दारात पाय सरकवून घालायच्या मऊ फोमच्या चपला तर आधी, पाऊल त्यात नुसतं डगमगतं.

बाइक कधी चालवू, आणि ट्रेक?

दुचाकीवर सिग्नलला तोच पाय टेकवावा लागतो, आणि उजवा पाय असेल तर ब्रेक. उभ्या गाडीवर बसून अचानक जोरात ब्रेक दाबून बघा, दचकायला झालं तर अजून नाही. पाय प्लास्टरमध्ये असताना गाडी चालवू नका.

ट्रेकसाठी माझा हिशोब असा, एका पायावर टाच उचलणं दोन्हीकडे जवळपास सारखं, भिंतीचं अंतर दोन सेंटिमीटरच्या फरकात आणि एक तास चढ-उतार चालून दुसऱ्या दिवशी सूज नाही. मग पर्वती, कात्रज असं काहीतरी सोपं. पावसाळ्यात निसरड्या दगडांवर पहिला ट्रेक नको, काठी न्या, आणि उतरताना ग्रुपमध्ये सगळ्यात मागे राहा म्हणजे मागून कुणी घाई करणार नाही.